बावटा, सुपारी आणि शेडनेट : चक्रीवादळाच्या पहिल्या तयारीचा शोध

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. त्याआधीचे दोन दिवस दूरचित्रवाणीवर आणि वर्तमानपत्रांत एक आकडा सतत फिरत होता : १२९ वर्षे. ‘मुंबईवर १२९ वर्षांनी चक्रीवादळ’ असे मथळे झळकले आणि ते वाचूनच आम्हा देऊळगाव राजासारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावातल्या माणसांनाही हे काहीतरी अघटित आहे, असे वाटू लागले. आकड्यात तथ्य होते, पण अर्धेच. १८९१ नंतर जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेले हे सर्वांत जोरदार चक्रीवादळ होते, एवढेच ते विधान होते. त्यातला ‘जून महिन्यात’ हा शब्द गळाला आणि १९४८ व २००९ ही दोन्ही वर्षे इतिहासातून गायब झाली.

इतिहासाची आवड असलेल्या माणसाला असा गळालेला शब्द स्वस्थ बसू देत नाही. वादळ पहिले नव्हते. मग पहिले काय होते? माझ्या मते, पहिली होती ती तयारी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळ येण्याआधी माणसे मोजून, गावे ठरवून, घरे रिकामी करवून घेण्याचे काम एवढ्या प्रमाणावर २०२० आधी झालेले नाही. या लेखाचा विषय ती तयारी आणि तिच्यामागचा चारशे वर्षांचा विस्मृतीचा इतिहास हा आहे. आमच्या तालुक्याचा त्यात काय संबंध, ते ओघाने येईलच.

विसरलेली वादळे, न झालेले वादळ

१६१८ च्या मे महिन्यात वसई आणि मुंबईच्या किनाऱ्यावर आलेल्या भयानक वादळाची नोंद पोर्तुगीज काळातल्या लेखनात सापडते. चर्चची छपरे उडाली, गलबते माणसांसकट बुडाली. त्यानंतरचे ठळक वादळ १ नोव्हेंबर १८५४ चे. मुंबईत चार तासांत सुमारे हजार माणसे आणि पाच लाख पौंडांची मालमत्ता गेली, असे एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी वर्णने सांगतात. आज मुंबईत १८५४ हे साल सांगितले तर पहिल्या कापडगिरणीची आठवण निघेल, वादळाची निघणार नाही.

याउलट जे झालेच नाही, ते मात्र लोकांच्या लक्षात राहिले. ६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, अशी नोंद जगभरच्या आपत्तींच्या याद्यांत वर्षानुवर्षे छापली जात होती. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठ माणसांतला एक माणूस एका दिवसात गेला असता. असे घडले असते तर मराठी, गुजराती, इंग्रजी वर्तमानपत्रांनी, म्युनिसिपालिटीच्या अहवालांनी आणि घराघरांतल्या श्राद्धांनी त्याची आठवण जपली नसती काय? अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या २०१६ च्या पुस्तकात मुंबई आणि चक्रीवादळ हा प्रश्न उपस्थित केला. अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय संशोधकही होते, या प्रश्नाचा रीतसर अभ्यास केला आणि १८८२ चे ते वादळ बनावट असल्याचे दाखवून दिले. समकालीन नोंदींत त्याचा मागमूस नाही.

खरे विसरायचे आणि खोटे जपायचे, यात एक धोका आहे. १८८२ ची नोंद खोटी ठरली म्हणून ‘आपल्याकडे वादळे येतच नाहीत’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. त्याच संशोधकांचे म्हणणे मात्र वेगळे आहे : मुंबईवर मोठे वादळ येण्याची शक्यता कमी आहे, शून्य नाही.

ती कमी का, हेही थोडक्यात सांगायला हवे. बंगालच्या उपसागरात साधारण चार वादळे होतात, तेव्हा अरबी समुद्रात एक होते. त्यातलीही बरीच पश्चिमेला ओमान-येमेनकडे किंवा उत्तरेला वळून गुजरातकडे जातात. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात व दिशेत इतका फरक असतो की वादळाची चक्राकार उतरंड उभीच राहू शकत नाही. म्हणून धोका पावसाळ्याच्या दोन उंबरठ्यांवर असतो. मे-जून हा एक, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दुसरा. दुसरा उंबरठा म्हणजे आपली दिवाळी. १८५४, १८८८, १९२७, १९४८, २००९ ही सगळी नोव्हेंबरची साले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सूचना कुणाच्या नावाने?

‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात सापाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक शब्दाच्या आधाराने तो घडवला. तो बुडालेल्या जहाजांच्या चौकशांचे काम पाहत असे. त्याचे पुस्तक खलाशांसाठी होते. म्हणजे वादळाचे शास्त्र आपल्याकडे सुरू झाले, ते जहाज वाचवण्यासाठी. त्यात गैर काही नाही. व्यापार जहाजांवर चालत होता आणि नुकसानीची रक्कम जहाजांचीच मोजली जात होती. पण ही सुरुवात पुढे फार काळ पुरली, असे माझे मत आहे.

१८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर प्रचंड वादळ आले, हजारो माणसे मेली आणि पुढच्या वर्षी, १८६५ मध्ये, त्या बंदरात वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. १८८० मध्ये पश्चिम किनाऱ्याची पाळी आली. ज्या बंदरांत तेव्हा सूचना देऊ लागले त्यांत कराची, मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आणि कुमठा ही नावे आहेत. रत्नागिरी आणि वेंगुर्ले! आपल्या कोकणातल्या माणसाला वादळाची सरकारी सूचना सर्वांत आधी दिसली ती तिथे, १८८० मध्ये. १ एप्रिल १८९८ पासून देशातल्या सर्व बंदरांसाठी एकसारखे संकेत ठरले.

ही सूचना कशी दिसे? तारेने संदेश येई आणि बंदरातल्या उंच खांबावर दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे चढवले जात. किनाऱ्यावरच्या मराठीत त्याला ‘बावटा’ म्हणतात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणातल्या माणसाला आजही समजावून सांगावे लागत नाही. एकूण अकरा संकेत आहेत. पहिले दोन दूरच्या समुद्रातल्या वादळाचे, तीन-चार बंदराजवळच्या खराब हवेचे, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. अकरावा सर्वांत विलक्षण आहे. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवा भीषण होण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ. आपल्याला काही कळेनासे झाले आहे, हीच एक सूचना मानणारे हे डोके ज्याचे होते, त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

पण हा बावटा वाचायचा कुणी? जहाजाच्या कप्तानाने. किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या घरात राहणाऱ्याने तो पाहिला तर पाहिला. घर सोडून कुठे जायचे, याचे उत्तर त्या खांबावर नव्हते.

आणि कप्तानालाही दर वेळी उपयोग झालाच असे नाही. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेचे दिवे असलेली म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेच्या आसपास माणसे तिच्यात होती, लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला मॅट्रिकची परीक्षा द्यायला निघालेली मुले होती. चौकशीत जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे निघाले. गुजरातीत तिच्यावर गाणी रचली गेली. आपल्या कोकणचा असा दिवस ११ नोव्हेंबर १९२७. त्या एकाच दिवशीच्या वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन प्रवासी आगबोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली ‘रामदास’ सर्वांच्या लक्षात आहे, पण ती पावसाळी समुद्राची बळी होती, चक्रीवादळाची नव्हे. ‘रामदास’च्या दुःखाखाली ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ झाकून गेल्या.

२२ नोव्हेंबर १९४८ चे वादळ मुंबईवरून गेले. झाडे उन्मळली, वीज गेली, शहर ठप्प झाले. आकाशातून ढग पाहणारा उपग्रह यायला अजून बारा वर्षे होती. समुद्रातल्या जहाजांनी कळवलेल्या हवेच्या दाबावरून वादळ कुठे असेल, याचा अंदाज बांधायचा, एवढेच हाती होते. त्या वादळातून मुंबईने काय शिकायचे ते शिकावे एवढ्यात पुढची साठ वर्षे शांततेत गेली. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागले. तारीख पुन्हा तीच. मधल्या ८२ वर्षांत संकेत बदलले, यंत्रे बदलली, पण समुद्रात असलेल्या छोट्या होड्यांपर्यंत सूचना वेळेत पोचली नाही आणि कोकणातले अनेक मच्छीमार परतले नाहीत.

पूर्व किनारा दरम्यान दुसऱ्याच वाटेने गेला होता. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच वर्षी हवामान खात्याने सूचनांची चार टप्प्यांची पद्धत आणली. २०१३ मध्ये ‘फायलीन’ आले तेव्हा तिथे दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली होती आणि मृत्यू काही डझनांत राहिले. निवारे बांधले होते, कोणत्या गावाने कोणत्या निवाऱ्यात जायचे ते ठरलेले होते. यात एक पिढी खर्ची पडली. महाराष्ट्राला ही शाळा शिकायला दोन दिवस मिळाले.

दोन दिवसांची शाळा

‘निसर्ग’चा वेग पाहा. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले. २ जूनला दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले आणि त्याला बांगलादेशाने सुचवलेले नाव मिळाले. ३ जूनला सकाळी ते तीव्र चक्रीवादळ झाले आणि दुपारी जमिनीवर होते. नाव ठेवल्यापासून दाराशी यायला एक दिवस.

आणि दिवस कोणते? टाळेबंदीचे. मुंबईहून चाकरमानी गावी परतले होते आणि कोकणातल्या कितीतरी गावांत शाळा विलगीकरणासाठी घेतल्या होत्या. वादळात माणसे हलवायची ती याच शाळांत. एकमेकांपासून सहा फूट दूर राहा, असे अडीच महिने सांगून झाल्यावर त्याच माणसांना एका खोलीत बसा, असे सांगायची वेळ प्रशासनावर आली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर नुकत्याच उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयातून करोनाचे रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. एनडीआरएफच्या तुकड्या किनाऱ्यावर आल्या. रायगडमध्ये दहा हजारांवर माणसे कच्च्या घरांतून बाहेर काढली. चौपाट्यांवर जमावबंदी लागली, विमानतळ काही तास बंद राहिला. २ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी लोकांना घरातच राहायला, मोबाईल आणि विजेऱ्या चार्ज करून ठेवायला सांगितले.

घराघरांत काय झाले, ते मला अधिक मोलाचे वाटते. कोकणी घराला पावसाळ्याची तयारी नवी नाही. कौले चाळायची, शाकारणी करायची, सरपण आत घ्यायचे, सुकी मासळी, मीठ, तांदूळ यांची बेगमी करायची, हे मे महिन्यात दर वर्षी होते. ३ जूनला ही तयारी बहुतेक घरांची झालेली होती. पण ती पाण्यासाठीची तयारी. पाऊस वरून येतो म्हणून कौल सरळ बसवायचे. वादळात वारा खालून, वळचणीतून घुसतो आणि छप्पर उचलतो. ताशी शंभर ते एकशे दहा किलोमीटरच्या वाऱ्यापुढे पत्रा हे पातेच होते. पत्र्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवायची पावसाळी सवय इथे उलट धोक्याची, कारण पत्रा उडाला की दगडही उडतो. पत्रा वाशांना हुकाने आणि तारेने आवळायचा, वळचण बंद करायची, वाऱ्याकडची खिडकी लावून घ्यायची, वारा अचानक पडला तरी बाहेर यायचे नाही, कारण तो वादळाचा डोळा असतो आणि मग वारा उलट्या दिशेने येतो. ही माहिती ओडिशाच्या किनाऱ्यावर मुलांनाही असते. आपल्याकडे ती भ्रमणध्वनीवरच्या संदेशांतून, खऱ्याखोट्यात मिसळून, दोन दिवसांत आली.

तरीही माणसे वाचली. मृत्यू मोजके झाले आणि हे यश लहान नाही. ‘फयान’शी तुलना केली की कळते.

मग श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड इथे अकरावा संकेत लागला. खांबावर नव्हे, प्रत्यक्षात. मोबाईलचे मनोरे पडले, विजेचे खांब आडवे झाले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. मुंबईतल्या मुलाला आईवडील जिवंत आहेत का, हे दिवसेंदिवस कळले नाही. पत्रे आणि कौले मिळेनात, आणि चार दिवसांत पावसाळा तोंडावर. चक्रीवादळाच्या धोका-निवारणाचा राष्ट्रीय प्रकल्प २०११ मध्ये ओडिशा-आंध्रात सुरू झाला होता. महाराष्ट्र त्याच्या दुसऱ्या टप्प्यात आला. अलिबागची वीज जमिनीखालून नेण्याचे काम त्याच प्रकल्पातले. ते काम श्रीवर्धनपर्यंत आधी पोचले असते तर, असा विचार त्या दिवसांत कोकणात अनेकांनी केला असेल.

झाडांची गणना

श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव आणि तिथली रोठा सुपारी नावाजलेली. तिथल्या वाडीत नारळाच्या सावलीत सुपारी, सुपारीवर मिरवेल, खाली जायफळ, केळ. सुपारीचे खोड हाताच्या विळख्यात मावेल एवढे बारीक, उंची चाळीस-पन्नास फूट आणि शेंडा जड. ३ जूनला ती झाडे अर्ध्यातून मोडली. लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात.

मदतीचा हिशेब सुरू झाला तो हेक्टरी. फळबागेला हेक्टरी पन्नास हजार रुपये. आमच्या भागात हेक्टर म्हणजे अडीच एकर, आमच्या कोरडवाहू मनाला तो आकडा बरा वाटतो. पण कोकणातली वाडी गुंठ्यांत असते. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे आणि दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. ज्या कुटुंबाचे सात वर्षांचे उत्पन्न बुडाले, त्याला पाच हजार! ओरड झाली आणि शासनाने पद्धत बदलली : सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाच्या झाडाला २५० रुपये. दहा गुंठ्यांत सव्वाशे सुपाऱ्या आणि दहा नारळ धरले तर हे पावणेनऊ हजार होतात. ही रक्कमही तोकडीच, पण झाड मोजायला हवे हे मान्य झाले, हे महत्त्वाचे. बावटा जहाजांसाठी होता, २०२० ची तयारी माणसांसाठी होती, आणि वादळाने ज्यावर सर्वांत मोठा घाव घातला त्या झाडासाठी कोणतीच तयारी नव्हती.

वादळ घाट चढून गेले तेव्हा हे आणखी स्पष्ट झाले. मावळात फुलांची पॉलीहाऊसे फाटली. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याची फळे झडली. हिरडा हे तिथे वर्षाचे रोख उत्पन्न, पण ते पीक कागदावर ‘पीक’ नव्हते. भरपाईसाठी तिथल्या हिरडा वेचणाऱ्यांना आंदोलने करावी लागली आणि वर्षे लोटली.

चौथी सूचना

आता आमच्याकडे येतो. देऊळगाव राजा बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जालन्याच्या शिवेवर. इथे वादळ म्हणजे उन्हाळ्यातले वावधन, मृगाआधीचा वळीव, नाहीतर २०१४ सारखी गारपीट. हवेचे भाकीत म्हणजे याच जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी : अक्षय तृतीयेला शेतात घट मांडायचा, भोवती धान्ये ठेवायची, चार महिन्यांची चार ढेकळे, पान-सुपारीवरून राजाचे भाकीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले, ते पाहायचे. तिला कुणी विज्ञान म्हणणार नाही. पण एक गोष्ट तिच्यात आहे, ती सरकारी पत्रकात नसते. ती शेतकऱ्याच्या नावाने निघते.

हवामान खात्यानेही हे काम केले आहे, हे नमूद करायला हवे. पुण्यात १९३२ मध्ये कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू झाली. पण चक्रीवादळ हा विषय किनाऱ्याच्या खात्यावर राहिला.

वास्तविक अरबी समुद्रातले वादळ आमच्यापर्यंत येते. २०१९ मध्ये त्या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, ही विक्रमाशी बरोबरी होती. २७ ऑक्टोबर २०१९ ला लक्ष्मीपूजन होते आणि त्याच दिवशी ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ झाले. ते ओमानच्या दिशेने निघून गेले, मागोमाग ‘महा’ आले, आणि त्या दिवसांतल्या अवकाळी पावसात विदर्भ-मराठवाड्यातले सोयाबीन शेतात सडले. सोंगून ठेवलेल्या सुडीला कोंब फुटले. राज्य सरकारने दहा हजार कोटींची मदत जाहीर केली. किनाऱ्यावर पाऊलही न ठेवलेल्या वादळांच्या दिवसांतली ही नुकसानी. आमची त्या वर्षीची तयारी काय होती, तर ज्याच्याकडे ताडपत्री होती त्याची सुडी वाचली.

‘निसर्ग’चे अवशेष ४ जून २०२० च्या पहाटे पश्चिम विदर्भावर होते. तोवर त्याचा जोर ओसरून नुसता अवदाब राहिला होता, ढग आणि पाऊस एवढेच उरले होते. रोहिणी सरत आलेल्या, मृग चार दिवसांवर. अशा वेळी पडलेला पाऊस शेतकऱ्याला पेरणीचा वाटतो. तो वादळाचा असतो, मोसमी नसतो. मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचल्याचे ११ जूनला जाहीर झाले. वादळाच्या ओलीवर पेरायचे आणि मग आठ दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी, हे गणित इथल्या कुणालाही विचारा. किनाऱ्यावर वादळाची तयारी म्हणजे घर आवळणे असेल, तर इथे ती तिफण न जुंपणे आहे, पंच्याहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत हात आवरणे आहे.

गेल्या काही वर्षांत दुसरीही एक गोष्ट बदलली आहे. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत शेडनेटमधले बीजोत्पादन वाढले आहे. मिरची, टोमॅटो, काकडीचे बियाणे जालन्याच्या कंपन्यांसाठी इथे तयार होते. दहा-वीस गुंठ्यांवर लोखंडी सांगाडा, वर जाळी, बहुतेकांवर बँकेचे कर्ज. शिवारात उभे राहून पाहिले तर पांढरी-हिरवी गलबते नांगरून ठेवल्यासारखी दिसतात, आणि वाऱ्यापुढे ती वागतातही शिडासारखी. जाळी ताणलेली असली की वारा सांगाड्यासकट उचलतो. जाळी सोडून गुंडाळली किंवा वेळ नसेल तर कापून टाकली, तर सांगाडा वाचतो. श्रीवर्धनच्या माणसाला सुपारी गुंडाळता येत नव्हती. इथल्या माणसाला जाळी गुंडाळता येते. फक्त त्याला वेळेत कळले पाहिजे, आणि आपणहून जाळी कापल्यावर ‘तुमचे नुकसान वादळाने झालेले नाही’ असे पंचनाम्यात लिहिले जाणार नाही, याची खात्री पाहिजे.

कळण्याची सोय कागदावर आहे. १९९९ च्या चार टप्प्यांतला पहिला ७२ तास आधी, दुसरा ४८, तिसरा २४ तास आधी. हे तिन्ही किनाऱ्यासाठी. चौथा टप्पा वादळ जमिनीवर येण्याच्या किमान बारा तास आधी निघतो, त्याचा रंग लाल, आणि तो खास आतल्या जिल्ह्यांसाठी असतो : किनारा ओलांडल्यावर वादळ कोणत्या दिशेने जाईल आणि कुठे काय होईल. बातम्यांत तो क्वचितच येतो, कारण तोपर्यंत सगळे कॅमेरे समुद्राकडे वळलेले असतात.

‘निसर्ग’चे गणित मांडून पाहा. ३ जूनला दुपारी एकच्या सुमारास किनारा, ४ जूनला पहाटे पाचच्या सुमारास पश्चिम विदर्भ. मध्ये सोळा तास. त्याआधीचे बारा मिळवले तर अठ्ठावीस. चौथ्या सूचनेच्या नियमाने २ जूनच्या मध्यरात्रीपासून मोजायला लागले तर देऊळगाव राजाच्या शेडनेटवाल्याच्या हातात एक अख्खा दिवस आणि वर चार तास येतात. कोकणातल्या माणसाला नाव ठेवल्यापासून जेवढा वेळ मिळाला, त्यापेक्षा हा जास्त आहे.